शेतीत काम करणाऱ्या छोट्या संस्थेचा पैसा: दहा वर्षांचा हिशेब कसा मांडावा, कसा वाचावा

बांधबंदिस्तीचे काम मृग लागण्याआधी संपवावे लागते. रब्बी निघाली की रान मोकळे होते, मजूर मिळतात, जेसीबी मिळतो. फेब्रुवारी ते मे एवढाच तो काळ. पाणलोट, बियाणे, रोपवाटिका अशी कामे करणाऱ्या छोट्या संस्थेच्या खात्यात नेमक्या याच काळात खडखडाट असतो. मंजुरीचे पत्र फायलीत लागलेले असते, करारावर सह्या झालेल्या असतात आणि पहिला हप्ता येतो ऑगस्टमध्ये. तोवर पाऊस पडून गेलेला असतो.

ज्या छोट्या संस्था मी बंद पडताना पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींच्या हातात त्या वेळीही एखादा मंजूर प्रकल्प होता. ऑडिट वेळेवर झालेले होते, कुणी एक रुपयाही खाल्लेला नव्हता. हिशेब मात्र एकेका प्रकल्पाचा आणि एकेका वर्षाचा पाहिला जात होता. दहा वर्षांत संस्थेचे काय होत गेले, हे कुणी एका कागदावर मांडलेच नव्हते. ते कसे मांडायचे आणि मांडल्यावर काय करायचे, हे इथे पायरीपायरीने सांगतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या आणि वर्षाला दहा लाख ते एक कोटीच्या आसपास उलाढाल असलेल्या संस्था माझ्या डोळ्यांसमोर आहेत. तुमची संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, म्हणजे ना-नफा कंपनी असेल, तर धर्मादाय कार्यालयाचा भाग वगळून बाकी सगळे तुम्हालाही लागू पडेल.

पायरी १: जुनी ऑडिट काढा आणि एका तक्त्यात भरा

किमान सात वर्षांची ऑडिट काढा, दहाची मिळाली तर उत्तमच. कपाटात सापडली नाहीत, तर सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात दरवर्षी दाखल झालेल्या प्रतींच्या नकला अर्ज करून मिळतात. त्यातली दोन पत्रके आपल्याला हवीत: अनुसूची ८ म्हणजे ताळेबंद आणि अनुसूची ९ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक.

तक्त्यात उभ्या रकान्यांत वर्षे घ्या. आडव्या ओळींत आधी उत्पन्न: व्यक्तींच्या देणग्या, सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी द्यायचा पैसा), सरकारी अनुदान, परदेशी निधी, स्वतःची कमाई (रोपे, बियाणे, माती परीक्षण, प्रशिक्षणाची फी) आणि व्याज. मग खर्च: पगार व मानधन, प्रत्यक्ष कार्यक्रम, कार्यालय, वाहन. शेवटी ताळेबंदातल्या ओळी: कॉर्पस (कायम ठेवायचा मूळ निधी), राखीव निधी, खर्च न झालेले अनुदान, देणी, बँकेतली शिल्लक, मुदत ठेवी, येणे अनुदान आणि कर्मचाऱ्यांकडे पडून असलेल्या उचली.

हा तक्ता भरताना एक गाठ हमखास लागते. समजा, २८ मार्चला एका कंपनीकडून बारा लाख आले. ऑडिटमध्ये ते पूर्णपणे त्याच वर्षाच्या उत्पन्नात धरले, म्हणून त्या वर्षी नऊ लाखांचे आधिक्य दिसते. पुढच्या वर्षी ते पैसे खर्च झाले आणि आठ लाखांची तूट दिसली. वाचणाऱ्याला वाटते, एक वर्ष भरभराटीचे गेले आणि दुसऱ्या वर्षी संस्था कोसळली. खरे तर पहिले वर्ष तेवढे चांगले नव्हते आणि दुसरे तेवढे वाईट नव्हते. म्हणून प्रत्येक मोठ्या अनुदानापुढे ते कोणत्या कामासाठी, कोणत्या वर्षी आले आणि कोणत्या वर्षी खर्ची पडले, हे पेन्सिलीने लिहा आणि त्याप्रमाणे आकडे शेजारच्या वर्षात सरकवा. मूळ ऑडिट बदलायचे नाही, हा तक्ता फक्त आपल्या समजुतीसाठी आहे. पुढच्या वर्षापासून मात्र सीएला सांगून ठेवा, की विशिष्ट कामासाठी आलेले आणि न खर्चलेले अनुदान ताळेबंदात देणे बाजूला वेगळे दाखवा.

तक्ता पूर्ण झाला की वर्षांच्या डोक्यावर त्या वर्षी काय घडले तेही लिहा. मराठवाड्यातली संस्था असेल तर २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ पुढे दुष्काळ येईल. २०२० पुढे कोविड: त्या वर्षी पीएम केअर्स निधीला दिलेली रक्कम सीएसआरमध्ये धरली जात असल्याने अनेक कंपन्यांचा पैसा तिकडे वळला. दुष्काळी वर्षात शेतकऱ्यांचा हिस्सा येत नाही, रोपे विकली जात नाहीत, टँकर आणि चारा यांची मागणी मात्र वाढते. तुमच्या तक्त्यात ही वर्षे कशी दिसतात ते नीट पाहा. पुढच्या दुष्काळात काय होणार, याचा त्याहून चांगला अंदाज दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

पायरी २: बँकेतली शिल्लक कुणाची आहे ते ठरवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. पासबुकातला आकडा संस्थेचा नसतो. एक नमुना घेऊ. सात कर्मचाऱ्यांची संस्था, ३१ मार्चची सगळी बँक शिल्लक आणि ठेवी मिळून २१,४०,००० रुपये. आता वजा करत जाऊ.

पाणलोट प्रकल्पाचे न खर्चलेले अनुदान: ९,६०,०००
बियाणे प्रकल्पाचे न खर्चलेले अनुदान: ४,२५,०००
कॉर्पस: ३,००,०००
टीडीएस (कापून घेतलेला, भरायचा बाकी कर), दुकानदारांची देणी, मार्चचे मानधन: ८५,०००
कर्मचाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीची तरतूद: २,९०,०००

उरले ८०,००० रुपये. पगार, भाडे, वीज, पेट्रोल असा टळू न शकणारा खर्च महिन्याला १,६०,००० असेल, तर या संस्थेकडे स्वतःचे असे पंधरा दिवसांचे पैसे आहेत. एकवीस लाखांची शिल्लक पाहून ज्या विश्वस्तांनी नवी गाडी घ्यायचा ठराव मांडला असता, त्यांच्यासमोर हा ८०,००० चा आकडा ठेवायला हवा.

ग्रॅच्युइटीबद्दल दोन शब्द. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर ती देण्याचे कायद्याचे बंधन येत नाही, म्हणून छोट्या संस्था तिचा विचारच करत नाहीत. पण जो कार्यकर्ता बारा वर्षे पाड्यावस्त्यांवर दुचाकीने फिरला, त्याला निरोप देताना शाल-श्रीफळाखेरीज काहीतरी द्यायला हवे. दर पूर्ण वर्षामागे शेवटच्या वेतनाच्या पंधरा दिवसांची रक्कम, हा हिशेब स्वतःहून लावा आणि दरवर्षी तेवढी रक्कम बाजूला काढा.

मोकळ्या रकमेचा हा आकडा मागच्या प्रत्येक वर्षासाठीही काढा. तो वाढत गेला असेल, तर संस्था उभी राहते आहे. उलाढाल दहा लाखांवरून साठ लाखांवर गेली आणि हा आकडा जागेवरच राहिला, तर संस्था मोठी झाली पण पाया तेवढाच राहिला. अशी संस्था एक हप्ता तीन महिने लांबला की हलते.

पायरी ३: पिकाचे कॅलेंडर आणि पैशाचे कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवा

बारा महिन्यांचा तक्ता करा, पण एप्रिलपासून सुरू करू नका. जानेवारीपासून घ्या, म्हणजे पावसाआधीचा काळ अखंड दिसतो. वरच्या ओळीत काम लिहा. जानेवारी-फेब्रुवारीत रोपवाटिकेच्या पिशव्या भरणे; फेब्रुवारी ते मे बांध, सलग समतल चर, गाळ काढणे; एप्रिल-मेमध्ये मातीचे नमुने, कारण तेव्हा शेत रिकामे असते; मेअखेर ते जूनमध्ये बियाणे आणि बीजप्रक्रियेचे साहित्य; जुलैत रोपे लावणे; जुलै ते सप्टेंबर शेतीशाळा; ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी प्रयोग आणि उत्पादनाच्या नोंदी; मग रब्बी. प्रत्येकापुढे रुपये लिहा. खालच्या ओळीत पैसे खरोखर कधी आले ते मागच्या तीन वर्षांच्या पासबुकावरून भरा. कराराची तारीख धरू नका, जमेची तारीख धरा.

सीएसआरचा पैसा सहसा असा येतो: नवे आर्थिक वर्ष सुरू झाल्यावर कंपनीचे अंदाजपत्रक, मग समितीची मंजुरी, करार, पहिला हप्ता पावसाळ्यात. पुढे जानेवारीपासून तगादा सुरू होतो, की ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा आणि उपयोगिता प्रमाणपत्र द्या. कंपनीने तुम्हाला पैसे दिले म्हणजे तिच्या हिशेबी ते खर्च झाले असे होत नाही. तुम्ही ते कामावर खर्च केल्यावरच होते. म्हणून त्यांचीही घाई खरीच असते. पण मातीकामाचा अर्धा हंगाम ३१ मार्चच्या अलीकडे आणि अर्धा पलीकडे पडतो, आणि मार्चअखेर गाठायला घाईने काढलेले चर पहिल्या मोठ्या पावसात बुजतात.

यावर कायद्यातच वाट आहे. कंपनी तुमचे काम बहुवर्षीय, म्हणजे ‘ऑनगोइंग’ प्रकल्प म्हणून मंजूर करू शकते. सुरुवातीचे वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालतो. वर्षाअखेर न खर्चलेली रक्कम कंपनीने तीस दिवसांच्या आत स्वतंत्र ‘अनस्पेंट सीएसआर’ खात्यात टाकायची आणि पुढच्या काळात प्रकल्पाला द्यायची. प्रस्तावातच ही विनंती लिहा. सोबत वरचे पीक-कॅलेंडर जोडा आणि हप्ते समान चार मागण्याऐवजी कामाप्रमाणे मागा: पाणलोटाच्या कामात ५० टक्के रक्कम जानेवारीअखेर हातात हवी, असे स्पष्ट लिहा. सीएसआर विभागात बसलेला माणूस बहुधा शहरातला असतो. मृगाची अडचण त्याला कुणी सांगितलेलीच नसते, आणि सांगितली की पुष्कळदा तो मदत करतो.

तरीही फट राहिलीच, तर काय करायचे नाही ते आधी सांगतो. एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्याला गुपचूप वापरायचे नाहीत. स्थानिक निधीतून तात्पुरती उसनवारी करावीच लागली, तर देणगीदाराच्या करारात तशी मनाई नाही ना ते पाहा, विश्वस्तांचा ठराव घ्या, उसनवारीच्या नोंदवहीत तारीख, रक्कम आणि परतीची तारीख लिहा. परदेशी निधीला तर हातही लावायचा नाही. एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला पैसा आणि स्थानिक पैसा कुठेही मिसळता कामा नये. आणि संस्थेच्या नावाने कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. अध्यक्षांनी खिशातून दोन लाख घातले आणि पुढे परत घेतले, हा प्रकार गावोगाव सद्भावनेने चालतो. पण तो कर्जच आहे आणि ऑडिटमध्ये तसाच दिसतो.

पायरी ४: कामाचा पूर्ण खर्च काढा

देणगीदार बियाण्याचे पैसे देतो, शेतकरी मेळाव्याचे देतो, क्षेत्र समन्वयकाचे मानधनही देतो. हिशेबनिसाचा पगार, ऑडिट फी, कार्यालयाचे भाडे, गाडीची दुरुस्ती ही रक्कम कुणाच्याच प्रकल्पात बसत नाही. ती संस्थेच्या अंगावर पडते आणि दरवर्षी थोडी थोडी करून मोकळा निधी खाऊन टाकते.

ती मोजा. समजा, हिशेबनीस १८,०००, भाडे ७,०००, वीज-फोन-इंटरनेट ३,५००, ऑडिट व कायदेशीर कामे वर्षाचे ६०,००० म्हणजे महिन्याला ५,०००, वाहन देखभाल ६,५००. महिन्याचे ४०,०००, वर्षाचे ४,८०,०००. आता कर्मचाऱ्यांचा वेळ कुठे जातो ते दोन महिने साध्या वेळपत्रकावर लिहा. पाणलोटात ५० टक्के, बियाणे प्रकल्पात ३० टक्के आणि कुणाचाच पैसा नसलेल्या कामात, म्हणजे गावबैठका, अचानक आलेली कीड, सरकारी कार्यालयातल्या चकरा, यांत २० टक्के गेले असे धरू. पाणलोट प्रकल्पाने २,४०,००० उचलायला हवेत. करारात ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून एक लाख असेल, तर वर्षाला १,४०,००० ची आणि तीन वर्षांत ४,२०,००० ची खोट तुम्ही स्वतःच्या सहीने पत्करली आहे. एवढी खोट आणणारा प्रकल्प नाकारणेही कधी कधी शहाणपणाचे ठरते.

वाटाघाटीत एक वाक्य नेहमी ऐकू येते: ‘आम्हाला पाच टक्क्यांवर प्रशासकीय खर्च देता येत नाही.’ सीएसआर नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर आहे. राबवणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती लागू नाही. हे नम्रपणे, लेखी मांडा. परदेशी निधीत मात्र मर्यादा तुमच्यावरच आहे: २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळताही करता येत नाही.

पायरी ५: शेताच्या बांधावरचा कागद नीट करा

वह्या कार्यालयात बिघडत नाहीत, त्या शिवारात बिघडतात. कार्यकर्ता पाच हजारांची उचल घेतो. महिनाअखेरीला पिशवीतून निघते काय, तर घामाने पुसट झालेली पेट्रोलची पावती, कृषी सेवा केंद्राचे शेतकऱ्याच्या नावाने केलेले बिल, आणि वहीच्या फाटक्या पानावर ‘मजुरी ३,२००, मिळाले’ अशी सही. यातले एकही ऑडिटला टिकत नाही.

म्हणून काही सवयी. मजुरीसाठी छापील हजेरीपत्रक: नाव, गाव, कामाची जागा गट क्रमांकासह, तारखा, दर, रक्कम, सही किंवा अंगठा, आणि अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही. शक्य असेल तिथे पैसे थेट बँक खात्यात. एका व्यक्तीला एका दिवसात रोख दहा हजारांवर देऊ नका. ती रक्कम कर-सवलतीच्या हिशेबात खर्च म्हणून धरली जात नाही. बियाण्याचे बिल संस्थेच्या नावाचे आणि त्यावर लॉट नंबर असलेलेच घ्या, कारण उद्या उगवण झाली नाही तर तक्रारीलाही तोच कागद लागतो. जेसीबीवाल्याला दिलेल्या रकमेवर टीडीएस लागतो का, ते पैसे देण्याआधी सीएला विचारा. नंतर ती रक्कम त्याच्याकडून वसूल होत नाही. उचलीचा नियम एकच ठेवा: मागची पूर्ण फिटल्याशिवाय पुढची नाही, मग तो सचिव का असेना.

श्रमदान आणि वस्तूरूप मदतीची नोंद वेगळ्या वहीत करा. गावाने केलेल्या श्रमदानाची किंमत रोजकीर्दीत घुसवू नका. बियाणे बँकेचा साठा तर किलोतच लिहायचा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे बँकेमुळे ‘एक न्या, दुप्पट परत करा’ ही पद्धत सर्वांना माहीत झाली. अशा बँकेत वाण, नेलेले किलो, परत आलेले किलो आणि उगवण चाचणी हे चार रकाने वर्षानुवर्षे भरले, तर तोच तुमचा दुसरा ताळेबंद होतो. परतफेडीचे प्रमाण कोणत्या वर्षी घसरले ते पाऊसमानाशी ताडून पाहा.

पायरी ६: कायद्याच्या तारखा

इथे फार रेंगाळत नाही. कार्यालयात भिंतीवर लावायची यादी एवढेच तिचे स्वरूप. फेब्रुवारीअखेर पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक धर्मादाय कार्यालयात. ३१ मे पर्यंत वर्षभरातल्या देणगीदारांचे विवरणपत्र आयकर पोर्टलवर, त्याशिवाय देणगीदाराला ८०जीचे, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचे प्रमाणपत्र मिळत नाही. ३० सप्टेंबरपर्यंत ऑडिट, ३१ ऑक्टोबरपर्यंत आयकर विवरणपत्र, परदेशी निधी असल्यास ३१ डिसेंबरपर्यंत त्याचे वार्षिक विवरण. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. वारलेल्या विश्वस्ताचे नाव वर्षानुवर्षे पीटीआरवर (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीवर) तसेच राहते आणि एखाद्या मोठ्या अनुदानाच्या वेळी नेमके तेच आडवे येते.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून क्रमांक पाठ करण्यापेक्षा मूळ नियम समजून घ्या. वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्देशांवर खर्च करायची. १५ टक्के कोणत्याही अटीशिवाय शिल्लक ठेवता येते. त्याहून अधिक ठेवायची असेल, तर विशिष्ट हेतू सांगून मुदतीत फॉर्म भरून पाच वर्षांपर्यंत साठवता येते. ‘ट्रस्टला बचत करता येत नाही’ हा समज गावोगावच्या विश्वस्तांत घट्ट बसला आहे आणि त्यानेच अनेक संस्था रिकाम्या ठेवल्या आहेत.

दुसरे, उद्देशांची भाषा. पाणलोट, वने आणि वन्यजीव यांसह पर्यावरणाचे जतन, गरिबांना साहाय्य, शिक्षण हे प्रकार कायद्यात स्वतंत्रपणे मोजले जातात. ‘सर्वसाधारण लोकोपयोगी काम’ या प्रकारात मात्र व्यापारी स्वरूपाची कमाई एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की सवलत धोक्यात येते. रोपे, अवजारे भाड्याने देणे, कंपन्यांना सल्ला अशी कमाई वाढवण्याआधी संस्थेच्या घटनेतला उद्देश सीएसमोर ठेवून वाचा.

पायरी ७: उत्पन्नाचे टप्पे ओळखा

पहिली तीन वर्षे सगळी दारे बंद असतात. सीएसआरला समान कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. एफसीआरए नोंदणीला तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या काळात उद्देशांवर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. म्हणून पहिल्या तीन वर्षांचा पैसा माणसांकडूनच येणार हे धरून चला: महिन्याला पाचशे देणारे ऐंशी जण म्हणजे वर्षाचे ४,८०,०००. वरच्या उदाहरणात संस्थेचा सामाईक खर्च नेमका एवढाच होता. अशा छोट्या देणग्यांवर अट नसते, म्हणून एका मोठ्या प्रकल्पापेक्षा त्या जास्त उपयोगी पडतात. त्या बँकेतूनच घ्या. दोन हजारांवरच्या रोख देणगीला देणाऱ्याला ८०जीची सूट मिळत नाही.

गावातला मुलगा परदेशात असतो आणि त्याला गावासाठी काही करायचे असते. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत फायलीत लावून ठेवा. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, मग हातात भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे ओसीआय कार्ड असले तरी, ती परदेशी देणगी होते. एफसीआरए नोंदणी नसेल तर ती घेता येत नाही. असेल तर पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. प्रत्येकाला हा प्रश्न आधी विचारा. न्यू जर्सीतला पुतण्या रागावणार नाही.

चौथ्या-पाचव्या वर्षी एक मोठा देणगीदार मिळतो आणि धोका तिथून सुरू होतो. तक्त्यात प्रत्येक वर्षी सर्वांत मोठ्या देणगीदाराचा वाटा काढा. तो निम्म्यावर गेला, की त्याच बैठकीत ‘हा गेला तर’ हा विषय घ्या. प्रकल्प संपायच्या दीड वर्ष आधी पुढची तजवीज सुरू व्हायला हवी. शेवटच्या सहामाहीत सुरू केली तर चांगले कार्यकर्ते तोवर दुसरी नोकरी शोधतात.

शेतकऱ्याचा हिस्सा हा उत्पन्नाचा सर्वांत टिकाऊ भाग आहे. पुरंदर तालुक्यात नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठानतर्फे पाणी पंचायत उभी केली. उपसा योजनांच्या खर्चात २० टक्के वाटा शेतकऱ्यांचा, ५० टक्के सरकारी अनुदान, आणि उरलेले ३० टक्के प्रतिष्ठानने बिनव्याजी दिले, अशी रचना होती. परत आलेला पैसा पुढच्या योजनेला उपयोगी पडू शकतो, हे त्यातले शिकण्यासारखे. आज असे काही करायचे तर संस्थेच्या घटनेत तशी तरतूद हवी, प्रत्येक शेतकऱ्याचे स्वतंत्र खाते हवे आणि दुष्काळी वर्षात वसुली थांबवण्याचा नियम आधीच लिहिलेला हवा.

पायरी ८: गंगाजळी उभारा

सर्वसाधारणपणे सहा महिन्यांच्या स्थिर खर्चाइतका राखीव निधी पुरेसा मानतात. कोरडवाहू भागात काम असेल तर मी नऊ महिने म्हणेन, कारण एक हंगाम वाया गेला तर पुढच्या सुगीपर्यंत तग धरावा लागतो. महिना १,६०,००० धरला तर १४,४०,००० रुपये. एका वर्षात होणार नाहीत. अट नसलेल्या देणग्या, फी आणि संस्थेच्या स्वतःच्या ठेवींवरचे व्याज यांतून दरवर्षी ठराविक भाग बाजूला टाका. प्रकल्पाच्या पैशातून ‘वाचवून’ ही गंगाजळी भरायची नाही. ते पैसे आपले नव्हेत.

ठराव करा: हा निधी कशासाठी वापरायचा, किती विश्वस्तांच्या संमतीने, आणि वापरलेली रक्कम किती महिन्यांत परत भरायची. हप्ता लांबल्याने अडलेले पगार हे योग्य कारण. नवा संगणक हे नव्हे.

ठेव कुठे ठेवायची, यावर गावात दबाव येतो. ओळखीची पतसंस्था एक-दोन टक्के जास्त व्याज देते, तिचे संचालक आपलेच असतात. तरीही नको. पतसंस्था ही बँक नव्हे. बँक ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण तिथे नाही, आणि ट्रस्टचा पैसा कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणीच ठेवावा लागतो, नाहीतर करसवलत जाऊ शकते. शेड्यूल्ड बँकेत ठेवा, आणि सगळे एकाच बँकेत ठेवू नका.

पायरी ९: दर तीन महिन्यांनी एक पान

विश्वस्तांसमोर टॅलीची वीस पाने ठेवली तर कुणी वाचत नाही. एकच पान द्या. मोकळी शिल्लक किती आणि ती किती महिने पुरेल. पुढच्या सहा महिन्यांत येणारे आणि जाणारे पैसे महिन्यागणिक. प्रत्येक प्रकल्पाचा मंजूर, मिळालेला, खर्च झालेला आणि उरलेला आकडा. न फिटलेल्या उचली नावानिशी. सर्वांत मोठ्या देणगीदाराचा वाटा. बैठक जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमध्ये ठेवा. जानेवारीची सर्वांत महत्त्वाची, कारण मातीकामाचे पैसे हाती आहेत की नाही, हे कळून काही करता येण्याची ती शेवटची वेळ असते.

गावात काम करता, तर गावालाही हिशेब द्या. काम चालू असलेल्या प्रत्येक गावात त्या गावावर झालेला खर्च ग्रामसभेत वाचून दाखवा: किती मीटर चर, किती मजुरी, किती जेसीबीचे तास, कोणाचा पैसा. जेसीबीचे तास किती झाले हे शेतकऱ्यांना आपल्यापेक्षा अचूक माहीत असते. आकडा चुकला असेल तर तिथेच कुणीतरी उठून सांगतो, आणि तशी दुरुस्ती कोणत्याही ऑडिटरकडून होत नाही.

सलग तीन वर्षे मोकळी शिल्लक शून्याच्या आसपास राहिली, अट नसलेल्या देणग्या वाढल्या नाहीत आणि मोठा देणगीदार जाणार असे दिसले, तर संस्था चालू ठेवावी का हा प्रश्न जानेवारीच्या बैठकीत उघडपणे घ्या. सारख्या उद्देशाच्या दुसऱ्या ट्रस्टमध्ये विलीन होण्याची तरतूद १९५० च्या अधिनियमात आहे. धर्मादाय आयुक्तांसमोर त्याची योजना मांडावी लागते आणि वेळ लागतो. म्हणून हा निर्णय कर्मचाऱ्यांचे निदान सहा महिन्यांचे पगार, ग्रॅच्युइटी आणि शेतकऱ्यांचे देणे हातात असतानाच घ्या. बियाणे बँक, रोपवाटिका, अवजारे कोणत्या गटाकडे सोपवायची, त्याची यादी त्याच दिवशी करा आणि पेरणीच्या आत ती त्यांच्या ताब्यात द्या.